आबा हल्ली त्रिनिदादला असतात

बिभीषणला त्याचा मेलेला बाप सकाळच्या शिफ्टच्या बसमध्ये दिसला. शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या मोबाइलमध्ये, नारळाची झाडं छापलेला शर्ट घातलेला. बस नगर नाका ओलांडून छावणीच्या कडेनं वाळूजकडं निघाली होती. बसमधले निम्मे झोपलेले आणि उरलेले निम्मे झोपायच्या बेतात. शेजारचा माणूस अंगठ्यानं जग वर ढकलत बसला होता, रोज सगळेच ढकलतात तसं. एक बाई शेवभाजी करत होती, ती वर गेली. एक जण हातात काठी धरून जमिनीतलं पाणी शोधत होता, तो वर गेला. मग बाप आला, आणि बापही वर गेला. बिभीषणला वाटलं आपल्यालाच डुलकी लागली. पण डुलकीत कुणी आपल्या बापाला असला शर्ट घालत नाही. तो म्हणाला, जरा मागं घ्या. दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये बघावं, पण बघतोय हे सांगू नये, असा बसमधला रिवाज. त्यामुळं शेजारच्यानं त्याच्याकडं खिसा कापताना सापडलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. तरी घेतलं मागं. रस्त्याच्या कडेला, डोळे दिपतील अशा उन्हात, पुठ्ठे पेटवून लहानसा जाळ केलेला. जाळाशी उकिडवा बसलेला पांढऱ्या मिशांचा म्हातारा ताशा शेकत होता. त्यानं ताशा उचलला, कान कातड्याला लावला, नखानं टिचकी मारली, कातडं उलटून बोलल्यासारखं तोंड वाकडं केलं आणि ताशा पुन्हा जाळावर धरला. पुन्हा कान, पुन्हा टिचकी. या खेपेला मान हलली. डावीकडं, जरा उशिरानं. बापाची हलायची तशीच. मग म्हातारा वाजवू लागला, आणि बिभीषणनं समोरच्या सीटची दांडी धरली. खाली इंग्रजीत गावाचं नाव होतं आणि पुढं त्रिनिदाद. हे कुठं आलं, असं त्यानं विचारलं. शेजारचा म्हणाला, आफ्रिकेत असंल. मागच्या सीटवरून कुणीतरी झोपेतच म्हणालं, वेस्ट इंडीज, आणि पुन्हा घोरायला लागलं.

कारखान्यात बिभीषणचं काम ड्रम वाजवायचं. हे तो लग्नाआधी मुली बघायला जायचा तेव्हा सांगायचा नाही, क्वालिटीत आहे असं म्हणायचा. गाड्यांचे ब्रेक ड्रम ओतून, घासून समोर येतात, तो हातोडीनं एकेकाला टोला देतो. सूर लांबवर गेला तर पास. जागीच बसला तर आत कुठंतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो, नापास. कामाचा हा प्रकार कळला तेव्हा त्याचा बाप, मुंजाबा, हसून हसून खोकायला लागला होता. ताशा शिकायची लाज वाटायची लेकाला, आता लोखंड बडवितो, असं त्यानं मुकुंदवाडीच्या अख्ख्या गल्लीला सांगितलं, आणि गल्लीनंही ते मनावर घेतलं. मुंजाबा मूळचा करमाडच्या पलीकडचा, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला. एका दुष्काळात मेंढरं विकली गेली आणि तो शहरात गवंड्याच्या हाताखाली आला. सिमेंट कालवता कालवता मोहरमच्या सवारीपुढं वाजणाऱ्या ताशावर असा भुलला, की वस्तादाच्या दारात दोन मोहरम नुसता बसून राहिला. तिसऱ्याला वस्ताद म्हणाला, अरे बैठा क्यूं है, बजा. वाजवण्याच्या एकेका चालीला मुंजाबा हात म्हणायचा. हळदीचा हात, वरातीचा हात, देवाचा हात. आणि पाठवणीचा हात, जो फक्त त्याचाच. करमाडच्या पट्ट्यात रिवाजच पडला होता की नवरी गाडीत बसली की मुंजाबानं तो वाजवायचा, आणि वाजायचा थांबेपर्यंत गाडीनं जागचं हलायचं नाही. तेवढ्यात रडणारे रडून घ्यायचे, ड्रायव्हर बिडी ओढून घ्यायचा. लोक वऱ्हाडाच्या नाश्त्याआधी मुंजाबाची तारीख पक्की करायचे. त्याची बायको बानाबाई प्रत्येक लग्नाला त्याच्याबरोबर जायची, आणि ताशेवाल्याची बायको कामून येते म्हणून बाया आपसात बोलायच्या, जेवायला येत असंल. शाळेतल्या बिभीषणला बाप दुसऱ्यांच्या पोरींना रडवायला जातो एवढंच कळायचं. जाळाशी बसून ताशा फिरवायचं काम त्याच्याकडं असायचं, आणि ताशा मांडवात गेला की तो लाजेनं जाळाशीच बसून राहायचा. एका गालाला धग, दुसऱ्याला संध्याकाळची गार हवा, आणि तापलेल्या बकऱ्याच्या कातड्याचा तो वास, जो मग दप्तराला यायचा, वहीला यायचा, एकदा तर गणिताच्या मास्तरांनी वही हुंगून त्याला बाहेर उभं केलं होतं.

आता तो वास कुठंच नव्हता. मुंजाबाला जाऊन चार पावसाळे झाले. आणि मार्गशीर्षात दिपालीचं लग्न होतं. दिपाली शेंडेफळ, बिभीषणपेक्षा बरीच लहान. तिला मांडीवर घेऊन मुंजाबा म्हणायचा, दिपे, तुझ्या टायमाला असा वाजवीन की गाडी सुरूच व्हनार नाय. लग्न ठरलं, अजिंठ्याकडचा शिवम नावाचा मुलगा, सरळ, मोबाइलच्या दुकानात बसणारा. मानपान, कपडे, हॉल, जेवण, सगळ्यावर बानाबाईचं एकच म्हणणं होतं, तुम्ही बघा. फक्त एक गोष्ट तिनं सांगून टाकली. पाठवणीला डीजे नाय. त्यांचा हात वाजला तर पोरगी निघंल, नायतर राहू द्या इथंच. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, ते आणि त्यांचा एवढ्यावर तिचा संसार झाला होता. शालूनं, म्हणजे बिभीषणच्या बायकोनं, जपून विचारलं की आत्या, पण आता वाजवणार कोण? बानाबाई म्हणाली, ते मला कामून विचारता. अडचण अशी होती की तो हात कुणालाच येत नव्हता. वस्ताद गेला होता, त्याची पोरं आखातात एसी बसवत होती. मुंजाबाची एकही क्लिप नव्हती. गल्लीतल्या कुत्र्याच्या क्लिपा होत्या. बिभीषणला तो हात पाठ आहे असं बरीच वर्षं वाटत होतं, पण आठवायला गेलं की पहिले बोल यायचे आणि मग पुढं नुसता वास. ओळखीचं दार उघडावं आणि पलीकडं खोलीच नसावी तसं. आणि क्लिपमधला म्हातारा तोच हात वाजवत होता, म्हणून बसमधून उतरताना त्यानं शेजारच्याकडून ती क्लिप मागून घेतली, आणि दिवसभर ड्रमवर टोले घालताना त्याच्या मनगटात ती चालत राहिली. त्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, आज तू नाचल्यासारखा काम करतोय, तब्येत बरी आहे ना.

संध्याकाळी त्यानं आईला क्लिप दाखवली. शालू भाजी निवडत होती, दिपाली कुणाशीतरी फोनवर हळू बोलत होती, कुणाशी ते सगळ्यांना माहीत होतं. बानाबाईनं मोबाइल हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पदरानं पुसला. म्हातारा जाळाशी बसला, कान लावला, टिचकी मारली, मान हलवली. बानाबाईनं एवढंच विचारलं की हे कुठं आहे. बिभीषणनं सांगितलं, समुद्रापलीकडं, लई लांब, एक बेट आहे. त्याला वाटलं ती रडेल, म्हणून त्यानं आधीच तोंड गंभीर करून ठेवलं होतं. ती म्हणाली, "मंग तिकडं असतात व्हय." जसं एखाद्याचं पोरगं पुण्याला असतं. आणि मग, जरा नाराजीनं, "बारीक झालेत. शर्ट बी कसला घातलाय."

पुढं चार दिवसांत ही बातमी गल्लीभर झाली. दळणाला गेली की बानाबाई सहज सांगायची, बिभीषणचे आबा हल्ली त्रिनिदादला असतात. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईनं विचारलंसुद्धा, कंपनीकडून गेलेत का. बिभीषणनं आईला दोनदा समजावलं, की माय, आबा गेले, आपण करमाडला नेऊन सगळं केलं, तूच होतीस ना. ती म्हणायची, व्हय की. होतेच मी. तुला नाय म्हनलं का मी? दोन्ही गोष्टी तिच्याजवळ एका ट्रंकेत घडी घालून ठेवल्यासारख्या नीट होत्या, एकीचा दुसरीला धक्का लागत नव्हता. डॉक्टरला दाखवावं का, असं शालू म्हणाली. बिभीषणला वाटलं, दाखवून सांगायचं काय? तडा कुठं आहे? बाईला टोला मारला तर सूर लांबपर्यंत जातोय.

शालूनंच क्लिपखाली इंग्रजीत लिहिलं. म्हाताऱ्याच्या नातीचं उत्तर आलं, आणि एका रविवारी इकडं दिवेलागण आणि तिकडं सकाळ असताना मोबाइलमध्ये तो उगवला. हॅरी सुखदेव. मागं कोंबडा, पपईचं झाड, पत्र्याचं छप्पर, आणि असं कोवळं ऊन की मुकुंदवाडीतली ट्यूबलाइट मळकी वाटावी. बिभीषणचं इंग्रजी ऑडिटमध्ये शिकलेलं, तो म्हणाला, सर, काइंडली एक्स्प्लेन द प्रोसेस. सुखदेवला ते कळलं की नाही कोण जाणे, पण तो बोलू लागला आणि मग थांबलाच नाही. त्याचं इंग्रजी झुल्यावर बसवल्यासारखं, आणि मधूनच घराण्यातून उरलेले शब्द: आजा, आजी, दाल, रोटी, झांज, दुलहिन, आणि एक शिवी. त्याच्या आजाच्या आजाला कलकत्त्याहून जहाजात घालून उसाच्या मळ्यावर नेलं होतं. पाच वर्षांचा करार, मग परत आणून सोडू. कलकत्त्याला तो कुठून चालत आला, ते कुणाला ठाऊक नाही. नावगाव लिहून घेणाऱ्यानं जे ऐकू आलं ते लिहिलं. पाच वर्षं झाली, दहा झाली, आणि परत जायच्या ऐवजी त्यानं कोकोच्या झाडांमध्ये जमिनीचा तुकडा घेतला. जहाजावर ताशा होता का? सुखदेव म्हणाला, जहाजावर ताशा नव्हता, हात होते. ताशा इथं केला. मातीचं भांडं, बकऱ्याचं कातडं. तिथं मोहरमला होसे म्हणतात, त्यात वाजवायला हिंदू येतात, मुसलमान येतात, आफ्रिकेतून आणलेल्यांची नातवंडं येतात. एका वर्षी मळ्यातल्या लोकांनी ताबूत घेऊन गावात शिरू नये म्हणून गोऱ्या सरकारनं गोळ्या घातल्या, तरी पुढच्या वर्षी ताशे निघालेच. त्या आफ्रिकेतून आणलेल्यांचे ढोलही सरकारनं बंद केले. मग त्यांनी बांबू आपटले, मग डबे, बिस्किटांचे, रंगाचे, मग युद्धात उरलेले तेलाचे बॅरल ठोकून ठोकून त्यातून सा रे ग म काढले. बेटावर एक तळं आहे, अख्खं डांबराचं. इथं बिभीषणनं शालूकडं बघितलं, कारण त्यांच्या गल्लीत डांबराची वाट बघताना एक पिढी दहावी झाली होती. आणि कारखान्याच्या कुंपणाशी रचलेले रिकामे बॅरल त्याच्या डोळ्यांपुढं आले. इतकी वर्षं ते तिथं गप्प उभे होते, आणि त्यांच्या पोटात सा रे ग म असेल असं त्याच्या किंवा भंगारवाल्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

तेवढ्यात बानाबाई मोबाइलसमोर येऊन बसली. सुखदेवनं हात जोडून तिला आजी म्हटलं, स्वतः तिच्यापेक्षा मोठा असून. तो शब्द समुद्र ओलांडून जसाच्या तसा आला आणि बानाबाई जरा लाजली. तिनं विचारलं, जेवलात का. त्यानं काय कळून घेतलं कोण जाणे, हातातलं कागदात गुंडाळलेलं दाखवलं, दोन मऊ वडे, मधी हरभरे, वर काकडी. ती म्हणाली, हरभरे जपून खात जा, तुम्हाला सोसत नाहीत. तो म्हणाला, येस, आजी. असं त्यांचं बराच वेळ चाललं, ती मराठवाड्यातून, तो त्याच्या बेटावरून, आणि कुणाचंही काही अडलं नाही. बिभीषण बाजूला बसून बघत राहिला. त्याला कळेना की आपल्याला कुणाची आठवण येतेय. बापाची, की त्या पपईच्या झाडामागच्या अंगणाची, जिथं तो कधी गेला नव्हता आणि जिथला वास त्याला अगदी नीट माहीत होता.

ताशाचं भांडं घरातच होतं. तांब्याचं, खोल, एका अंगाला चेपलेलं. कातडं उंदरांनी खाल्ल्यावर शालूनं त्यात पुदिना लावला होता आणि तो ताशाला शोभेल असा दणकट आला होता. पुदिना रंगाच्या बादलीत गेला. सर्जेरावच्या पथकाचे ढोल-ताशे शहरभर वाजतात, त्याच्याकडं बिभीषण कातडं चढवून घ्यायला गेला तेव्हा सर्जेराव म्हणाला, "कातडं? अरे येड्या, प्लास्टिक चढव. ना शेकायचं, ना भिजायचं, ना मरायचं." पण करमाडच्या बाजारातून आणलेलं बकऱ्याचं कातडं भिजवून, कड्यावर ओढून त्यानंच बसवून दिलं, आणि बसवताना बोलायचा थांबला. वाळल्यावर एकदा टिचकी मारून म्हणाला, आवाज म्हाताऱ्याचा आहे. मग रोज संध्याकाळी बिभीषण गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमध्ये बसून जुने पेपर जाळायचा आणि टाकीला टेकवलेल्या मोबाइलमधून सुखदेव डोळे मिटून ऐकायचा. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसलेलं शहर, म्हणून प्रत्येक गच्चीवर टाक्या, निळ्या, काळ्या, पिवळ्या. त्या टाक्यांवरून आवाज आपटून यायचा, भरलेलीवरून जड, रिकामीवरून पोकळ. वर राहणारे भाडेकरू धुराची तक्रार करायचे. कातडं तापलं की आधी पुदिन्याचा वास यायचा आणि त्याच्या मागून, जरा उशिरानं, तो दुसरा. दप्तराचा, वहीचा, शाळेच्या व्हरांड्याचा. पहिल्यांदा तो आला तेव्हा बिभीषण काड्या खाली ठेवून नुसता बसला, आणि तिकडून सुखदेव म्हणाला, हँड इज गुड, डोन्ट स्टॉप. तिकडंही चालीला हातच म्हणतात, हँड. बिभीषणनं हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, मंग काय म्हनतील, पाय?

हात येत गेला. बोलामागून बोल, मधली ती अडखळल्यासारखी जागा, जिथं मुंजाबा उगाच एक ठोका गिळायचा आणि मांडवातली बायामाणसं तेवढ्यावरच रडायला लागायची. सुखदेवही तिथंच गिळत होता. हे कसं, यावर बिभीषणनं बराच विचार केला. असंही असेल की सगळ्याच लग्नांत पोरी जातात आणि सगळेच ताशे तिथंच अडखळतात, त्यात कुणाचं नातं काढायला नको. पण ते त्याला पटायचं फक्त कारखान्यात. लग्न जवळ आलं आणि एक गोष्ट राहिली. क्लिप मधूनच तुटत होती, आणि गच्चीवरही सुखदेवनं कधी शेवट वाजवून दाखवला नव्हता, त्याच्या घरून कुणीतरी हाक मारायचं आणि तो उठायचा. बिभीषणनं सरळ विचारलं, सर, हाऊ टु क्लोज? तोड कुठं घ्यायची? तिकडं कोंबडा आरवला. सुखदेवनं डोळे उघडले. मग म्हणाला की या हाताला त्यांच्याकडं शेवट नाहीच. कातडं गार पडेपर्यंत वाजवतात. आजाचा आजा शेवट शिकायच्या आधीच निघाला असावा. "आय वॉज वेटिंग फॉर यू टु टेल मी, बॉय," तो म्हणाला. आम्ही सगळे वाट बघत होतो, एक दिवस तिकडून कुणीतरी येईल आणि सांगेल.

त्या संध्याकाळी गच्चीवरून उतरताना बिभीषणला जिना नेहमीपेक्षा लांब लागला. अर्धी पृथ्वी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या, आणि दोन्हीकडं माणसं एकमेकांकडं शेवट मागत बसलेली. त्यानं आईला विचारलं, माय, पाठवणीचा हात संपायचा कसा? बानाबाई भाकरी थापत होती. म्हणाली, "त्याला कुठं शेवट. चालूच राहतं ते. कुनी थांबवलं तर थांबतं." म्हातारी माणसं अशी वाक्यं बोलतात, कॅलेंडरच्या मागं छापावीत अशी. बिभीषणनं मान डोलावली आणि ताटावर बसला.

लग्न जालना रोडवरच्या एका लॉन्सवर झालं, गोरज मुहूर्तावर. जेवणं उरकेपर्यंत पश्चिमेचं तांबडं विझलं होतं. पाठवणीआधी बिभीषणनं पार्किंगच्या कोपऱ्यात जाळ करायला घेतला तेव्हा मॅनेजर धावत आला. जाळ करता येणार नाही, नियम आहे. बिभीषणनं समजावलं की ताशा शेकायचा आहे. मॅनेजर म्हणाला, हेअर ड्रायर देतो. शेवटी तडजोड अशी झाली की जाळ करायचा, पण शेजारी एक माणूस आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन उभा राहील. तो राहिला. ओंजळीएवढ्या जाळावर त्यानं शेवटपर्यंत नळी रोखून धरली होती, आणि बिभीषणनं कान लावून टिचकी मारली तेव्हा तोही वाकून ऐकायला लागला. एका गालाला धग, दुसऱ्याला गार हवा. पुदिना, मग बकरं, मग बाप. मान हलली ती डावीकडं, जरा उशिरानं, आणि ती आपण हलवली नाही असं बिभीषणला वाटलं.

दिपाली फुलं लावलेल्या गाडीत बसली. तिच्या शेजारी शिवम, मांडीवर हात ठेवून, ॲडमिशनला आल्यासारखा. बिभीषण गाडीच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्यानं हात उचलला. करमाडकडची जुनी माणसं जेवणाच्या टेबलांवरून उठून आली. पहिल्या आवर्तनाला कुणीतरी म्हणालं, मुंजाबा. गिळलेला ठोका आला तशी बायांनी डोळ्याला पदर लावला, दिपाली तर आधीपासूनच रडत होती. ड्रायव्हरला कुणीतरी रिवाज सांगितला आणि त्यानं किल्ली काढून खिशात घातली. दुसरं आवर्तन. तिसरं. मग बिभीषणनं मोजायचं सोडलं, कारण थांबायची जागाच येत नव्हती. मधेच तोडलं तर तो हात तोडल्यासारखं होईल, मेलेल्या माणसाला वाक्याच्या मध्येच गप्प बस म्हटल्यासारखं. त्याला घाम फुटला. रडणाऱ्यांचं रडून झालं. एक दोघी घड्याळ बघू लागल्या. नवरदेवाचे काका पुढं येऊन हात जोडून गेले, मग परत आले, तेव्हा हात जोडलेले नव्हते. शिवमनं काच खाली करून विचारलं, निघायचं का, आणि कुणी उत्तर दिलं नाही म्हणून काच वर केली. दिपाली रडायची थांबून हसायला लागली होती. तिनं खिडकीतून मान काढली आणि म्हणाली, "भाऊ, आबा म्हनले होते ना, गाडी सुरूच व्हनार नाय म्हून." बिभीषणच्या मनगटात आता दुखत नव्हतं, कारण ते त्याचं राहिलंच नव्हतं. कुठंतरी सकाळ होती, एक म्हातारा जाळाशी बसला होता, त्याच्या मागं त्याचा आजा, त्याच्या मागं समुद्र, आणि सगळे वाजवत होते आणि कुणालाही थांबता येत नव्हतं. त्याला भीती वाटली. असं वाटलं की कातडं गार पडेल, सूर बसेल, जागीच बसेल, तडा गेलेल्या ड्रमसारखा, आणि या सगळ्यांसमोर आपला बाप नापास होईल. सूर खरंच उतरायला लागला होता. मार्गशीर्षातली हवा कातड्यात शिरत होती.

गर्दीतून बानाबाई आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, घाई नाही. आपल्या रोजच्या कामाला निघालेल्या बाईसारखी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तिनं आपला उजवा तळहात कोमट कातड्यावर पसरून ठेवला. काड्या तिच्या बोटांवर आपटल्या, एकदा, दोनदा. कातडं तिच्या हाताखाली जरा धडपडलं आणि गप्प झालं. पार्किंगभर असं शांत झालं की नळकांड्यातली हवासुद्धा ऐकू आली असती. करमाडकडचा एक म्हातारा समाधानानं म्हणाला, हां, आता झालं. ड्रायव्हरनं खिशातून किल्ली काढली. दिपालीनं खिडकीतून हात बाहेर काढला, आईच्या खांद्याला लावला, आणि गाडी हलली.

बिभीषण आईकडं बघत राहिला. सगळ्या लग्नांत ती कामून जायची, ते बायांना कळलं नव्हतं आणि त्याला आत्ता कळत होतं, आणि कळत असताना ते सुखदेवला कसं सांगायचं हेही डोक्यात चालू होतं, काइंडली नोट, द लास्ट स्टेप इज. तो म्हणाला, "माय, असंच असायचं?"

"मंग," ती म्हणाली. "त्यांना कुठं थांबता यायचं." हात तिनं अजून उचलला नव्हता. जालना रोडवर गाडीचे लाल दिवे इतर लाल दिव्यांत मिसळून गेले तरी ती तिकडंच बघत होती. तळहाताखाली कातडं हळूहळू गार होत असावं. मग चेहऱ्यावर काळजी आणून, परगावी राहणाऱ्या माणसाच्या जेवणाखाण्याचं विचारावं तसं तिनं विचारलं,

"तिकडं कोन ठेवत असंल रं, हात?"